दिवा लावायला ओटीपी

पुण्याजवळच्या रावेतमधल्या आमच्या फ्लॅटच्या माहितीपत्रकात ‘स्मार्ट होम’ हे शब्द जिम आणि क्लबहाउस यांच्या मधोमध सोनेरी अक्षरांत छापलेले होते. आम्ही ते मागितलं नव्हतं आणि नको म्हणायची सोयही नव्हती. बाथरूमच्या टाइल्सचा रंग निवडायला मिळाला. हे मात्र “पॅकेजमध्येच आहे, मॅडम”. सॅम्पल फ्लॅटमध्ये सेल्सच्या मुलीने हातातल्या टॅबवर बोट टेकवलं आणि हॉलचे पडदे सरकले, छताच्या कडेने निळा उजेड पसरला, पंखा मंद झाला. “ऑफिसमधून निघतानाच घरचा एसी ऑन करून ठेवता येईल,” ती म्हणाली. आमच्याकडे एसी एकच, बेडरूममध्ये, तोही मे महिन्यात झोपताना तासभर. पण समोर पडदे आपोआप सरकत असताना हे कोणाला सुचतं! सासूबाईंनी तेवढं विचारलं, “बटणं कुठायत?” भिंतीवर काळ्या काचेची पाटी होती. तीच बटणं.

पझेशन मिळाल्यावर सगळं सुरू करून द्यायला बिल्डरने ज्यांना काम दिलं होतं त्या कंपनीचा एक मुलगा आला. वागायला नम्र, कामाला तयार. खोलीखोलीत काचेचं टच पॅनेल, त्यामागे रिले (हुकूम मिळाला की वीज जोडणारं-तोडणारं विजेवरचं बटण) आणि वायफायची चिप, हॉलमध्ये पीओपीच्या खोबणीत रंगीत दिवे, पडद्याला मोटर, गीझरला वेगळं मॉड्यूल. वायरिंग आधीच झालेलं होतं. त्याचं काम एवढंच की प्रत्येक वस्तूची आमच्या वायफायशी ओळख करून द्यायची.

ही ओळखपरेड दुपारभर चालली. आधी माझ्या फोनवर अ‍ॅप. मोबाइल नंबर, ओटीपी, ईमेल, मग लोकेशनची परवानगी. दिव्याला माझं लोकेशन कशाला, असं विचारलं तर म्हणाला, ते दिल्याशिवाय अ‍ॅपला आजूबाजूचं वायफाय दिसत नाही. मग ‘घराला नाव द्या’. मग एकेका पॅनेलवर बोट दाबून धरायचं, दिवा भराभर लुकलुकायला लागला की सोडायचं आणि फोनवरचं वर्तुळ शंभर टक्क्यांपर्यंत जायची वाट पाहायची. ते नव्व्याण्णववर अडायचं. पुन्हा बोट दाबून धरायचं.

कारण नंतर कळलं आणि ज्यांच्या घरी असलं काही येणार आहे त्यांनी ते लक्षात ठेवावं. या वस्तूंमधली स्वस्त चिप फक्त २.४ गिगाहर्ट्झचं वायफाय ओळखते. हल्ली फायबरवाले देतात तो राउटर २.४ आणि ५ असे दोन्ही पट्टे एकाच नावाने देतो आणि फोन आपला वेगवान पट्टा धरून बसतो. म्हणजे एकाच खोलीत, एकाच नावाच्या वायफायवर असूनही फोनची आणि दिव्याची गाठ पडत नाही. उपाय सोपा आहे, दोन पट्ट्यांना दोन नावं द्यायची. त्या मुलाने त्याहून सोपा केला. राउटर पालथा करून खालचा पासवर्ड वाचला, सेटिंगमध्ये जाऊन ५ गिगाहर्ट्झ बंदच करून टाकलं आणि आम्हाला न सांगता गेला. पुढे कित्येक दिवस नवरा मीटिंगमध्ये मधेच गोठायचा आणि आम्ही इंटरनेटवाल्याला शिव्या घालत होतो.

सगळं जोडून झालं आणि खरोखर, सोफ्यावरून फोनने दिवे लागले. लेकीने पहिल्या संध्याकाळी छताला जांभळं, हिरवं, गुलाबी करून पाहिलं. खोक्यावर लिहिलं होतं, एक कोटी साठ लाख रंग. त्यातला पिवळसर पांढरा आम्ही वापरतो. उरलेल्या रंगांत हॉल लग्नाच्या स्टेजसारखा दिसतो आणि त्यात कोणाला पेपर वाचता येत नाही.

खरी परीक्षा पाहुणे आणि माणसं यायला लागल्यावर झाली. मावशी सकाळी सातला येतात. त्यांचे हात ओले. टच पॅनेलला बोट ओळखता येतं ते काचेजवळच्या विजेच्या सूक्ष्म बदलावरून, आणि पाण्याचा थेंबही तोच बदल घडवतो. म्हणजे मावशी किचनचा ट्यूब लावायला जायच्या आणि एक्झॉस्ट सुरू व्हायचा. मग तो बंद करायला पुन्हा ओलं बोट. “ताई, तुमच्या भिंतीला हात लावायचीच भीती वाटते,” म्हणाल्या आणि नंतर त्या किचनमध्ये अंधारातच भांडी घासायला लागल्या. (२०१८ साली हवाईतल्या सील प्राण्यांच्या रुग्णालयातून लोकांना भराभर फोन जायला लागले, उचलला की पलीकडे शांतता. शोध घेतला तर टचस्क्रीनच्या फोनवर एक पाल बसलेली, तिच्या पायांनी नंबर लागत होते. हे वाचलं तेव्हा मला मावशींची बाजू पूर्ण पटली.)

सासूबाईंची अडचण वेगळी होती. साध्या बटणाला उंचवटा असतो, अंधारात चाचपून कळतं की पहिलं ट्यूबचं, दुसरं पंख्याचं. काचेवर चाचपायचं म्हटलं तर चाचपतानाच सगळं लागतं. रात्री बाथरूमला उठल्या की हात फिरवायच्या आणि ट्यूब, पंखा, नाइटलॅम्प एकदम सुरू. शिवाय प्रत्येक टचजागी निळा ठिपका रात्रभर उजळलेला. त्यांच्या उशासमोर सहा निळे डोळे. त्यांनी यावर अ‍ॅपच्या कुठल्याही अपडेटपेक्षा चांगला तोडगा काढला. टिकलीचं पाकीट आणलं. ट्यूबवर लाल, पंख्यावर हिरवी, नाइटलॅम्पवर मोरपिशी. ठिपके झाकले गेले, बोटाला उंचवटा लागला आणि टिकली पातळ असल्यामुळे टचही चालत राहिला. पंख्याची हिरवी टिकली घामाने सुटायची, तेवढी दर महिन्याला बदलावी लागे.

बोलून दिवे लावायचा स्पीकरही पॅकेजमध्ये होता. त्याला इंग्रजी आणि हिंदी येत होतं. सासूबाई त्याच्याशी मराठीतच बोलल्या, “अगं, हॉलचा पंखा जरा कमी कर बाई.” त्याने लता मंगेशकरांची गाणी लावली. त्यांना ते आवडलं, म्हणून स्पीकर राहिला. गाण्यांपुरता.

अ‍ॅपमध्ये दिवसा काय घडायचं हे तर वेगळंच. मी ऑफिसात, नवरा मुंबईला आणि लेकीचा मेसेज, “आई, टेरेसचा लाइट लाव ना, मैत्रिणी आल्यात, बाहेर बसायचंय.” टेरेसचं पॅनेल दाराच्या बाहेर बसवता येत नाही म्हणून तो दिवा फक्त अ‍ॅपवर. तिच्या फोनवर अ‍ॅप घालून द्यायला गेले तेव्हा कळलं की मला तो अधिकारच नाही. त्या मुलाने दुपारी घाईत जे ‘घर’ तयार केलं होतं ते त्याच्या स्वतःच्या कामाच्या अकाउंटवर. अ‍ॅपच्या दृष्टीने घराचा ‘ओनर’ तो आणि मी ‘मेंबर’. फ्लॅटच्या इंडेक्स टूवर, म्हणजे नोंदणीच्या उताऱ्यावर, आमची नावं, मुद्रांक शुल्क आम्ही भरलेलं, कर्जाचा हप्ता आमच्या खात्यातून, आणि हॉलचा दिवा कोणाला लावू द्यायचा हे ठरवणार सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांचा तो मुलगा, ज्याने तोवर नोकरी सोडलेली होती.

कंपनीला फोन केला तर “नवीन घर बनवा आणि सगळं डिव्हाइस परत जोडा”. पण डिव्हाइस जुन्या अकाउंटला बांधलेलं असेल तर ते तिथून सुटल्याशिवाय दुसऱ्याशी जोडलं जात नाही. चोरीपासून संरक्षण म्हणून ही सोय आहे म्हणे. माझ्या भिंतीत गाडलेलं पॅनेल कोण चोरणार? बिल्डरच्या ऑफिसने हात वर केले, हे आमचं नाही, थर्ड पार्टीचं, वॉरंटी एक वर्षाची होती. मी त्यांना रेराच्या, म्हणजे स्थावर मालमत्तेच्या, २०१६ च्या कायद्यातलं कलम १४ (३) लिहून पाठवलं: ताबा दिल्यापासून ५ वर्षांत बांधकामात, कामाच्या दर्जात किंवा कराराप्रमाणे द्यायच्या सोयींत दोष निघाला तर बिल्डरने तो ३० दिवसांत स्वखर्चाने दुरुस्त करायचा. उत्तर म्हणून वार्षिक देखभाल कराराचं कोटेशन आलं. ते मी फाइलला लावून ठेवलं आहे.

या सगळ्याच वस्तूंमध्ये एक गृहीत धरलेलं असतं, की घरात एक माणूस राहतो, त्याच्याजवळ कायम फोन असतो, तो चार्ज असतो आणि त्या माणसाला घरात नसतानाच घरातले दिवे लावायचे असतात. सॅम्पल फ्लॅटमध्ये हे बरोबर जुळतं, कारण तिथे कोणी राहतच नाही. टॅब हातात असलेली एक व्यक्ती आणि समोर बघणारे आपण. आमच्या घरात सासूबाई, मावशी, शाळेतून दोनला येणारी मुलगी, दिवाळीत राहायला आलेली नणंद, पाण्याची टाकी बघायला येणारा प्लंबर, एवढ्या सगळ्यांना दिवा लागतो. बटणाला पासवर्ड नसतो.

वीज गेल्यावरची तऱ्हा पुणेकरांना सांगायला हवी. गुरुवारी देखभालीसाठी वीज जाते हे आपण धरून चालतो. वीज आली की पॅनेलं मुकाट बंद राहायची, पण खोबणीतले रंगीत दिवे आपणहून पूर्ण पांढऱ्या उजेडात लागायचे. दिवसा काही वाटत नाही. पावसाळ्यात रात्री तीनला वीज जाऊन आली की अख्खा हॉल लख्ख. उठून अ‍ॅप उघडावं तर राउटर अजून जागा होतोय, त्यामुळे दिवे ‘ऑफलाइन’. लख्ख उजेडात उभं राहून ते दिवे ऑनलाइन यायची वाट बघायची. यालाही सेटिंग आहे, ‘वीज आल्यावर काय करायचं’ अशा अर्थाचं, प्रत्येक दिव्याच्या आत तिसऱ्या पानावर दडलेलं. भाच्याने शोधून दिलं. इंटरनेट कंपनी बदलली तेव्हाही त्याचीच युक्ती कामी आली. नव्या राउटरला जुन्याचंच नाव आणि जुनाच पासवर्ड द्यायचा, म्हणजे दिव्यांना मालक बदलल्याचं कळत नाही.

आणि हा सगळा खटाटोप ज्याच्या भरवशावर, तो सर्व्हर कुठल्या देशात आहे हे कंपनीच्या माणसालाही सांगता आलं नाही. सोफ्यापासून ट्यूबपर्यंत दहा फूट. फोनवरचा आदेश राउटरमधून बाहेर पडून कदाचित समुद्रापार जातो आणि परत येऊन ट्यूब लावतो. लागते सेकंदाच्या आत, हे कबूल. पण न लागण्याची उदाहरणंही कमी नाहीत. अमेरिकेत रिव्हॉल्व्ह नावाचा तीनशे डॉलरचा घर चालवणारा डबा होता, आजीवन सेवेच्या वचनासकट विकलेला. गूगलच्या मालकीच्या नेस्टने ती कंपनी घेतली आणि २०१६ च्या मे महिन्यात त्याची सेवाच बंद केली. डबा डबाच राहिला. एप्रिल २०२२ मध्ये इन्स्टिऑन या तिकडच्याच स्मार्ट होम कंपनीचे सर्व्हर एके दिवशी न सांगता बंद पडले. पुढे वापरणाऱ्यांपैकीच काही जणांनी ती कंपनी विकत घेऊन ते सुरू केले. आणि २० ऑक्टोबर २०२५, आपल्याकडे नरकचतुर्दशी. त्या दिवशी अ‍ॅमेझॉनच्या क्लाउडचं व्हर्जिनियातलं केंद्र कोलमडलं, तेव्हा तिकडे ‘एट स्लीप’चे हजारो डॉलरचे गार-गरम होणारे पलंग आहेत त्या स्थितीत अडकले. माणसं तापलेल्या गादीवर जागी आणि पलंगाला बटण नाही. कंपनीच्या प्रमुखाने जाहीर माफी मागितली आणि नंतर इंटरनेटशिवाय चालायची सोय आली. पलंगाला!

या जातीचा राजा अर्थात ज्यूसेरो. २०१६ मध्ये ६९९ डॉलरला आलेलं वायफायवालं रसयंत्र. कंपनीचीच फळंभाज्यांची पाकिटं त्यात घालायची, यंत्र त्यावरचा कोड इंटरनेटवर तपासणार आणि मग दाबून रस काढणार. २०१७ मध्ये ब्लूमबर्ग या वृत्तसंस्थेच्या पत्रकारांनी तेच पाकीट हाताने पिळून दाखवलं. रस जवळजवळ तेवढाच आणि वेळ यंत्रापेक्षा थोडा कमीच. काही महिन्यांत कंपनी मिटली. आम्हाला हसायचा तसा अधिकार नाही. आमच्या माळ्यावर थ्रीडी टीव्हीचे चष्मे अजून आहेत. नवऱ्याने हौसेने घेतला होता. २०१७ पर्यंत शेवटच्या मोठ्या कंपन्यांनीही असे टीव्ही बनवायचे थांबवले.

नव्या गोष्टींना नाक मुरडायचा माझा स्वभाव नाही. साधा छताचा पंखा पंचाहत्तरेक वॉट घेतो, बीएलडीसी मोटरचा तीसेक. आम्ही सगळे पंखे बदलले आणि उन्हाळ्याच्या बिलात फरक दिसला. एलईडी दिव्यांचंही तसंच. त्यांनी कोणाचा ओटीपी मागितला नाही. याउलट ही पॅनेलं काहीच करत नसतानाही जागी राहतात, वायफायचा कानोसा घेत. एकेक पॅनेल वॉटभर घेतं असं धरलं तर दहा पॅनेलांचं दिवसाला पाव युनिट, महिन्याला सातेक. वीज वाचवण्यासाठी म्हणून विकलेल्या वस्तूचा हा हिशेब.

पण काढायचं ठरलं ते गीझरमुळे. अ‍ॅपमध्ये गीझर ‘बंद’ आणि बाथरूममध्ये त्याचा लाल दिवा चालू. अ‍ॅपवरून चालू करून पुन्हा बंद केला, दिवा तसाच. सोसायटीत येणाऱ्या इलेक्ट्रिशियन काकांना बोलावलं. त्यांनी एमसीबी (मेन बोर्डावरचा सुरक्षेचा खटका) पाडला, मॉड्यूल उघडलं आणि मला आतला छोटा काळा ठोकळा दाखवला. तो रिले. दोन किलोवॉटचा गीझर नऊएक अँपिअर खेचतो, हा दहाचा. रोज काठोकाठ चालून आतले संपर्कबिंदू वितळून एकमेकांना चिकटलेले. अ‍ॅप खोटं बोलत नव्हतं, त्याने बंद करायचा हुकूम दिला होता. तो पाळला गेला की नाही हे पाहायची सोय त्यात नव्हती. गीझरचा स्वतःचा थर्मोस्टॅट, पाणी तापलं की वीज तोडणारा, शाबूत होता म्हणून निभावलं. काकांनी तिथे डीपी स्विच लावला, फेज आणि न्यूट्रल दोन्ही तोडणारा, खटकन आवाज करणारा. सासूबाई म्हणाल्या, “आता माझ्या खोलीतपण हाच आवाज पाहिजे.”

काढणं बसवण्यापेक्षा सोपं निघालं, निदान सुरुवातीला. काचेमागचा डबा नेहमीचाच सहा मॉड्यूलचा, म्हणजे सहा बटणांच्या जागेचा, त्यामुळे भिंत फोडावी लागली नाही. चार बटणं आणि दोन मॉड्यूलचा रेग्युलेटर, हिशेब बरोबर सहाचा. पॅनेलला लागणारी न्यूट्रल टेप मारून आत ढकलली. अडलं बेडरूममध्ये. दाराजवळ एक पॅनेल आणि पलंगाशी एक, दोन्हीकडून ट्यूब चालू-बंद व्हायची. नेहमीच्या घरात हे टू-वे वायरिंगने होतं. काकांनी पलंगाशेजारचं पॅनेल काढलं तर मागे नुसती फेज-न्यूट्रल. ट्यूबकडे जाणारी वायरच नाही. ही दोन पॅनेलं भिंतीतून नव्हे, वायफायवरून एकमेकांशी बोलत होती. “बिल्डरने तांबं वाचवलं बघा मॅडम,” काका म्हणाले. पाइपमधून स्प्रिंग घालून नव्या वायरा ओढाव्या लागल्या. एका कोपऱ्यात पाइप सिमेंटने बुजलेला होता, तिथे तेवढी भिंत फुटलीच. मजुरी आणि सामान धरून जो खर्च आला त्यातला मोठा वाटा या बेडरूमचा. फ्लॅट बघायला जाल तेव्हा पलंगाशेजारच्या टू-वेला वायर आहे का, आणि अ‍ॅपमध्ये ओनर कोण असणार, हे दोन प्रश्न सेल्सच्या माणसाला नक्की विचारा. पहिल्याचं उत्तर बहुधा साइट इंजिनिअरलाच माहीत असतं.

पडद्याची मोटर ठेवली आहे, कारण तिला रिमोट आहे आणि नवा रॉड बसवायचा तर छताला भोकं पाडावी लागतील. सासूबाईंच्या खोलीपासून बाथरूमपर्यंतच्या पॅसेजमध्ये माणूस आला की लागणारा सेन्सरचा छोटा दिवा घेतला. त्याला वायफाय नाही, अ‍ॅप नाही.

काढलेली पॅनेलं विकायला टाकली होती. एका माणसाने फोनवर पहिलाच प्रश्न विचारला, “जुन्या अकाउंटमधून काढलीत का?” अर्थात नाही, ती अजून त्याच मुलाच्या नावावर आहेत. मग काकांनाच विचारलं. त्यांनी एक उघडून पाहिलं, चिकटलेला सोडून बाकीचे रिले सोडवून घेतो म्हणाले, पाण्याच्या पंपाच्या कंट्रोलरमध्ये उपयोगी पडतात. काच आणि सर्किट ई-कचऱ्याच्या गाडीत. टिकल्यांसकट.